सासूबाईंसाठी हॉल

मिनलच्या मुलीचं बारसं झालं, ते साल दोन हजार चोवीस. मिनल ही दत्ताराम शिगवणांची एकुलती लेक. राहते पुण्याला, पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं भाईंदर पश्चिमेला, शिगवणांच्या इमारतीच्या गच्चीवर झालं. नाव काय ठेवलं, घुगऱ्या कशा झाल्या होत्या, हे सांगत बसायचं कारण नाही. त्या गच्चीवर चंपामावशींनी पाळण्याच्या दोरीला हात लावून एक वाक्य टाकलं, आणि त्या वाक्यापायी एका सरळमार्गी माणसाचं नाव पुढे भर रस्त्यावर लाल अक्षरांत पळत सुटलं, तेवढंच सांगायचं आहे.

चंपामावशी म्हणजे दत्तारामांच्या सासूबाईंची थोरली बहीण. सासूबाईंचं नाव सरूबाई. सरूबाईंना मुलगा नाही. नवरा गेल्यापासून त्या लेकीकडे, म्हणजे जावयाकडे राहतात, आणि जावयाच्या घरी राहणारी सासू दुसरी भाकरी मागून घेत नाही, ती वाढेपर्यंत थांबते. चंपामावशी राहतात बेव्हर्ली पार्कात, स्वतःच्या मुलाकडे, परागकडे. त्या कधी कशासाठी थांबलेल्या कोणी पाहिलेल्या नाहीत.

"माझं सहस्रचंद्रदर्शन परागने हॉलात केलं होतं हो," मावशी म्हणाल्या. "एसी हॉल. खुर्च्यांना सुद्धा कपडे घातले होते. तुझं काय सरू, इथेच गच्चीवर करतील. वारा असतो म्हणा."

माणसाला ऐंशी वर्षं आणि वर काही महिने झाले, की त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात आणि त्याला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळतात. या बहिणींच्या रत्नागिरीकडच्या वाडीत हा प्रकार कोणी ऐकलेला नव्हता. तिथे माणूस ऐंशीचा झाला की त्याचा भात जरा मऊ शिजवत, सोहळा तेवढाच. पण माणूस मीरा-भाईंदरला राहायला आला की शेजारी जे करतो तो त्याचा कुळाचार होतो.

 सरूबाईंनी ताटातली जिलबी शेजारच्या पोराच्या ताटात टाकली. ते दत्तारामांनी पाहिलं आणि त्यांचं डोकं सरकलं.

"आईंचं हॉलातच आहे," ते मोठ्याने म्हणाले. "मार्गशीर्ष पौर्णिमेला. ठरलंय."

काहीही ठरलं नव्हतं. हंसाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथेच शब्द गिळला असता.

संध्याकाळी भांडी आवरताना सरूबाई लेकीला हळूच म्हणाल्या, "मला काय हॉलाचं कवतिक न्हाय. पण चंपीनं बघायला पायजे. चौऱ्याऐंशीची झाली ती. एकदा तिनं माझ्या एसीत बसून जेवून जाऊदे. मग माझं काय व्हायचं ते होऊदे."

झालं. आता माघार नव्हती.

मार्गशीर्ष म्हणजे लग्नांचा हंगाम. साऱ्या भाईंदरात त्या पौर्णिमेला एकच वातानुकूल हॉल मोकळा निघाला. तो एका ट्रस्टचा होता. नाव घेत नाही, ट्रस्टकडे वकील फार. दत्ताराम सरळ तिथे जाऊन उभे राहिले. टेबलामागे मॅनेजर बसले होते, भिंतीवर कॅलेंडर होतं, कॅलेंडरात ती तारीख कोरी होती.

"बुकिंग ऑनलाइन," मॅनेजर म्हणाले.

"मी इथे उभा आहे, तुम्ही तिथे बसलाय, तारीख तिथे लटकतेय," दत्ताराम म्हणाले. "मध्ये वेबसाइट कशाला?"

"पारदर्शकता," मॅनेजर म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला.

दत्ताराम घरी आले. ते लिफ्टच्या कंपनीत फिटर होते. आयुष्यभर लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, मध्ये कोणाला अडकू दिलं नाही. शाळा मात्र त्यांची उशिरा झाली, पंचविशीत, रात्रीच्या वर्गात. त्यामुळे लिहिणं हे त्यांच्या लेखी सोवळ्यातलं काम. मिनलने टाकून दिलेला लॅपटॉप त्यांनी पुसला, आंघोळ केली, चष्मा लावला आणि एकेका चौकटीत एकेक उत्तर भरायला बसले.

फॉर्म मराठीत होता, त्याबद्दल त्यांनी ट्रस्टला मनात दुवा दिला. घाईच झाली ती. पहिली चौकट कार्यक्रमाच्या प्रकाराची. तिथे आधीपासूनच 'विवाह' लिहिलेलं, खाली बाण. बाण दाबला की मुंज, साखरपुडा, वाढदिवस, शोकसभा अशी यादी उघडे. सहस्रचंद्रदर्शन तिच्यात नव्हतं. शोकसभेवर त्यांचा हात क्षणभर थबकला, मग त्यांनी शेवटचं 'इतर' निवडलं. पुढे 'पक्ष एक' आणि 'पक्ष दोन'. ज्याचं कार्य तो पक्ष एक आणि जो करतो तो पक्ष दोन, असा त्यांनी विचार केला. कोणीही शहाणा माणूस हाच करील. पक्ष एक, सरूबाई विठू मांडवकर. पक्ष दोन, दत्ताराम शिवराम शिगवण. मग वयं, पत्ता, मोबाइल, जेवणारी माणसं किती, चपला कुठे काढणार. सगळं भरून त्यांनी बटण दाबलं.

वर एक लाल ओळ आली. 'कृपया योग्य मोबाइल क्रमांक भरा.' आणि खाली सगळं कोरं.

सगळं म्हणजे सगळं. मोबाइल चुकला म्हणून सासूबाई पुसल्या गेल्या, पत्ता पुसला गेला, जेवणारी माणसं उठून गेली, चपला गेल्या.

मोबाइल मुळात चुकलाच नव्हता. आकडे मराठीत होते, एवढाच गुन्हा. फॉर्म मराठी, प्रश्न मराठी, दटावणी मराठी, आकडे मात्र इंग्रजी पाहिजेत, आणि हे आधी सांगायला त्याच्या तोंडाला कुलूप होतं. दत्तारामांनी पुन्हा पहिल्यापासून भरलं. बटण दाबलं. 'पत्त्यात विशेष चिन्ह चालणार नाही.' पुन्हा सगळं कोरं. विशेष चिन्ह म्हणजे काय, याचा शोध लागायला दुपार गेली. फ्लॅट नंबर बी, मग तिरकी रेघ, मग तीनशे चार. ती तिरकी रेघ त्याला खपत नव्हती. बिल्डरने दारावर पितळी पट्टीत कोरली होती, वीजबिलावर होती, मतदार यादीत होती. फक्त या ट्रस्टला तिचं वावडं होतं.

"रात्रीच्या वर्गातले गुरुजी बरे," दत्ताराम हंसाला म्हणाले. "चुकलेल्या अक्षराला गोल करायचे आणि पाटी परत द्यायचे. एका अक्षरासाठी अख्खी पाटी पुसली असती तर ती पाटी कोणीतरी त्यांच्याच डोक्यात घातली असती."

हंसा चवळी निवडत होती. "हा फॉर्म म्हणजे तुमची आत्या," ती म्हणाली. "मीठ कमी आहे म्हटलं, की पातेलं मोरीत ओतायची. पुन्हा शिजव."

दत्तारामांना आत्याचा राग आला की फॉर्मचा, ते त्यांनाच कळलं नाही.

अशा गोष्टी इमारतीत लपत नाहीत. आधी आले सोसायटीचे सेक्रेटरी शशिकांत पाटणे. हे सरकारी खात्यातून निवृत्त. उभा जन्म दुसऱ्यांच्या अर्जांतल्या त्रुटी काढण्यात गेलेला, त्यामुळे फॉर्म बघून त्यांच्या डोळ्यांत मायेचं पाणी आलं.

"सुंदर," ते म्हणाले. "एका वेळी एकच त्रुटी दाखवतोय ना? तेच शास्त्र आहे दत्ताराम. सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या तर माणूस त्या एकदम दुरुस्त करतो. मग परत कशाला येईल? आणि माणूस परत आला नाही, तर खातं कशावर चालायचं?"

"पण भरलेलं पुसतो कशाला?"

"शिस्त लागते."

मग समोरच्या हसमुखभाईंनी दारातूनच सांगितलं, "काका, मोबाइल से भरो ना, लॅपटॉप में तो ऐसाच होता है." मोबाइलवरून भरलं. मोबाइलवर लाल ओळ सुद्धा दिसत नव्हती. ती पडद्याच्या बाहेर कुठेतरी होती. चूक काय ते कळत नव्हतं, नुसतं कोरं होत होतं. तळमजल्याच्या वहिनींनी गुरुवारी भरायला सांगितलं. गुरुवारी वेबसाइट दुरुस्तीसाठी बंद होती.

शेवटी मिनलला फोन लावला. ती पुण्यात असल्याच फॉर्मांच्या कंपनीत आहे.

"बाबा, चूक तपासायची असतेच," ती म्हणाली. "पण माणसाने भरलेलं तसंच ठेवायचं आणि चुकलेल्या चौकटीपाशीच सांगायचं, एवढी साधी गोष्ट आहे. दोन ओळींचं काम. केलं नाही कोणी. नुसता आळस."

"म्हणजे आळस त्यांचा आणि घाम माझा."

"तुम्ही द्या, मी इथून भरते."

"नको," दत्ताराम म्हणाले. आता तो हॉलचा प्रश्न राहिला नव्हता. एका फॉर्मने त्यांना, लिहितावाचता येणाऱ्या माणसाला, आठवडाभर अडाणी ठरवलं होतं. तिथे लेक मध्ये घालणं म्हणजे शरणागती.

रोज भरून भरून त्यांचा हात बसला. नाव, वय, पत्ता झरझर. फक्त एक भानगड होती. दर वेळी कोरं झालं, की पहिली चौकट पुन्हा आपल्या मूळ पदावर जायची. 'विवाह'. ती दर वेळी 'इतर' करावी लागे, आणि दत्ताराम ते इमानाने करत होते. ज्या दिवशी करायचं राहिलं, त्या दिवशी कुकर शिट्टीवर आला होता, शशिकांत मागे उभे राहून 'पिनकोड बघ, पिनकोड' करत होते आणि हंसा कुकर बंद करा म्हणून ओरडत होती. दत्तारामांनी बटण दाबलं आणि उठले.

परत आले तर हिरवी ओळ. 'आपला अर्ज स्वीकारला आहे.'

शशिकांतांनी त्यांना मिठी मारली. सरूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. इतके दिवस तपासून तपासून सतावणाऱ्या त्या फॉर्मला तिरकी रेघ दिसली होती, मोबाइलच्या आकड्यांमधली रिकामी जागा दिसली होती. जे दिसायला पाहिजे होतं ते त्याने बघितलं सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी हंसाच्या फोनवर निरोप आला, कारण मोबाइलच्या चौकटीत शेवटी तिचा नंबर घातला होता. ती कोलंबी सोलत होती. हात पुसून तिने तो मोठ्याने वाचला.

"अभिनंदन. सरूबाई विठू मांडवकर आणि दत्ताराम शिवराम शिगवण यांच्या शुभविवाहासाठी सभागृह आरक्षित झाले आहे. वधूवरांना भावी आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा."



"बरं," हंसा म्हणाली. "आणि माझं काय करायचं ठरवलंय?"

"अगं, चूक झालीये."

"ते मला पस्तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं."

"हळू बोल. आई ऐकतील."

"आई म्हणू नका आता," हंसा म्हणाली आणि पुन्हा कोलंबी सोलायला बसली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती हे विचारायची दत्तारामांची छाती झाली नाही.

ते तडक ट्रस्टच्या ऑफिसात गेले. मॅनेजर जेवायला गेलेले. कॉम्प्युटरवर रुचिता मॅडम होत्या. त्यांनी नोंद उघडली, चष्मा वर केला.

"वराचं वय सहासष्ट. वधूचं ऐंशी," त्या म्हणाल्या. "कायद्याने काही अडचण नाही, काका."

"वधू माझी सासू आहे!"

"तो तुमच्या घरातला प्रश्न झाला."

"मॅडम, लग्न नाहीये. सहस्रचंद्रदर्शन आहे. 'इतर' करून द्या फक्त."

"बदल करता येत नाही. रद्द करून नवीन अर्ज भरावा लागेल. आणि रद्द केलंत तर तारीख जाईल, मागे वेटिंगला खरी लग्नं आहेत." मग त्यांना दया आली असावी. "अहो, राहू द्या तसंच. नुसतं रेकॉर्डला आहे. बाहेर कुठे दिसतंय?"

शशिकांतांचंही तेच मत पडलं. "सरकारी असो की ट्रस्टचा, एकदा होकार आलेल्या कागदाला पुन्हा हात लावू नये. तू लग्न करतोयस का? नाही ना? मग झालं."

सरूबाईंना कोणी काही सांगितलं नाही.

पौर्णिमेला सकाळी शिगवण मंडळी दोन रिक्षांनी हॉलवर पोचली. सरूबाईंनी हिरवट रंगाची नवी साडी नेसली होती. नातवंडं, भाचरं, गावाकडची माणसं, काशीमीऱ्याहून आलेले दूरचे चुलते, सगळे फाटकापाशी घोळका करून वर बघत उभे होते.

फाटकावर दिव्यांची पाटी होती. ट्रस्टने नवीच बसवलेली. बुकिंगमधून नावं आपोआप तिच्यावर जातात, ही सोय रुचिता मॅडमना ठाऊक नव्हती. लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे पळत होती. 'चि. सौ. कां. सरूबाई आणि चि. दत्ताराम यांच्या शुभविवाहास आपले सहर्ष स्वागत.' मग बदामाचं एक चित्र. मग पुन्हा सरूबाई.

नाक्यावरचा रिक्षावाला थांबून हात हलवत म्हणाला, "बधाई हो, अंकल! दुल्हन किधर है?"

दत्तारामांनी आयुष्यात लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम केलं होतं. तसला खड्डा आता जवळपास कुठे आहे का, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

आत तर आणखी बहार होती. ट्रस्टच्या माणसांनी दोन मखमली खुर्च्या मांडल्या होत्या, अंतरपाट घडी करून ठेवला होता, आणि एका खोलीच्या दारावर 'वधूपक्ष' लावलं होतं. तिथे काशीमीऱ्याचे चुलते जाऊन बसले सुद्धा. भटजी दारात थबकून शशिकांतांना बाजूला घेऊन विचारत होते, "मला सहस्रचंद्राची शांत सांगितली होती ना?"

तेवढ्यात परागची गाडी आली. चंपामावशी उतरल्या. त्यांना वाचता येतं, आणि जे वाचता येतं ते त्या मोठ्याने वाचतात. त्यांनी पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बदाम येईपर्यंत थांबल्या, पुन्हा वाचली.

"सरू," त्या म्हणाल्या, "मला निदान केळवणाला तरी बोलवायचंस गं."

सरूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी लेकीकडे बघितलं. हंसाने कानात सांगितलं. म्हातारीचा चेहरा विझला.

दत्ताराम मॅनेजरच्या अंगावर धावले. "ती पाटी बंद करा!"

मॅनेजर घाबरून कॉम्प्युटरवर बसले. पाटी बंद करायचं बटण नव्हतं. मजकूर बदलायचा तर बुकिंग दुरुस्त करायचं, म्हणजे तोच फॉर्म. मॅनेजर जन्मात पहिल्यांदा स्वतःचा फॉर्म भरत होते. भरला. दाबला. लाल ओळ. सगळं कोरं. पुन्हा भरला. कोरं. कपाळावर घाम आला.

"पत्त्यात तिरकी रेघ चालत नाही," दत्ताराम मागून शांतपणे म्हणाले. "आणि आकडे इंग्रजी घाला."

"हे असं कसं केलंय हो यांनी?" मॅनेजर कळवळून म्हणाले. "बाकीचं पुसतो कशाला?"

"पारदर्शकता," दत्ताराम म्हणाले. त्या दिवसातलं तेवढंच एक सुख.

शेवटी वायरमन आला. त्याने वायरींचा माग काढला आणि सांगितलं, "साहेब, पाटी आणि एसी एकाच लाइनवर आहेत. पाटी बंद केली तर एसी जाणार. एसी पाहिजे तर पाटी चालणार. बोला."

हा निकाल दत्तारामांना देता येईना, हंसाला देता येईना. पराग म्हणाला, "मावशी, खिडक्या उघडू, डिसेंबर आहे, काही अडत नाही." रिक्षावाल्यांचा घोळका बाहेर वाढत होता. सगळ्यांनी सरूबाईंकडे बघितलं. जावयाच्या घरात ज्या बाईने कधी दुसरी भाकरी मागितली नव्हती, ती बाई मखमली खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली,

"एसी ऱ्हाऊदे."

"आई, बाहेर लोक हसतायत," दत्ताराम म्हणाले.

"हसूदेत. भाईर उभं ऱ्हाऊन हसतायत ना? आत गार हाय."

मग कार्य सुरू झालं. एक्याऐंशी दिवे परातींत लावले, पण एसीचा झोत नेमका वरून. पुढचे लावले की मागचे विझत, मागचे लावले की पुढचे. भटजी म्हणाले, पाच मिनिटं एसी बंद करू या. सरूबाईंनी मान हलवली नाही. शेवटी चुलत्यांनी चार बाजूंनी अंतरपाट धरला, ट्रस्टच्या खर्चाने आलेली ती एकच वस्तू कामाला लागली, आणि त्याच्या आडोशाला हंसाने आईला ओवाळलं. एकदम सगळे दिवे पेटलेले कोणी पाहिले नाहीत. पण ओवाळणं झालं.

चंपामावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं हसू अजून ओसरत नव्हतं. मधेच त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, मग पाय खुर्चीवर घेतले, मग परागला म्हणाल्या, "गाडीतली माझी शाल आण." जेवायला बसल्यावर त्या वाकून बहिणीला म्हणाल्या, "गार आहे हो, सरू. माझ्या हॉलापेक्षा गार आहे."

 सरूबाईंनी वाढप्याला हाक मारली आणि जिलबी पुन्हा मागून घेतली.

पुढे ट्रस्टकडून हंसाच्या फोनवर अभिप्रायाचा फॉर्म आला. दत्तारामांनी तो लॅपटॉपवर उघडून त्यात मनातलं सगळं लिहिलं, अगदी आत्यापासून. बटण दाबलं. 'कृपया पाचपैकी तारे निवडा.' आणि खाली कोरं. त्यांनी लॅपटॉप मिटला तो मिटला.

चंपामावशींनी बेव्हर्ली पार्कात बहिणीच्या लग्नाची गोष्ट जो भेटेल त्याला सांगितली, थंडीभर सांगितली, आणि दर रविवारी फोन करून सरूबाईंना 'काय गं नवरी' म्हणून हाक मारली. सरूबाई दर रविवारी शिव्या घालत आणि दर रविवारी फोनपाशी जाऊन बसत.

चंपामावशी पुढच्या साली गेल्या. गुढीपाडव्यानंतरच्या बुधवारी, दोन एप्रिलला सकाळी, बेव्हर्ली पार्कात, परागच्या घरी.